किती दुखते?

माणसाच्या पांडित्याला त्याच्या स्वतःच्या घरात जितक्या निमूटपणे हार खावी लागते, तितकी ती सभेत किंवा वर्गात कधीच खावी लागत नाही. शोकान्तिका शिकविणे हा गेली तीस वर्षे आमचा व्यवसाय आहे. नायकाचे दुःख कोठे सुरू होते, ते कोणत्या अंकात शिगेला पोहोचते आणि त्याने प्रेक्षकाच्या मनाची शुद्धी कशी होते, हे आम्ही विद्यार्थ्यांना इतक्या वेळा सांगितले आहे की, दुःख या विषयात आपणांस बरीच गती आहे अशी आमची प्रामाणिक समजूत होऊन बसली होती. ती समजूत गेल्या पौषात, डोलवीच्या आमच्या घरी, माजघराशेजारच्या बाळंतिणीच्या खोलीत, तळहातावर मावेल एवढ्या एका यंत्राने मोडली. त्या यंत्राची आणि त्या मोडलेल्या समजुतीची ही हकीकत आहे.

डोलवी हे पेण तालुक्यातील धरमतरच्या खाडीकडचे गाव. आमच्या लहानपणी येथे खारे वारे, भाताची खाचरे, खाडीचे पाणी अडविणारे बांध आणि जिताड्याची वाट पाहणारे कोळी एवढेच काय ते होते. पुढे पोलादाचा कारखाना आला. प्रथम तो इस्पातचा होता, २०१० साली तो जिंदालांकडे गेला. आता वडखळच्या बाजूने रात्री गावाकडे यावे, तर आभाळ तांबूस झालेले लांबूनच दिसते. त्या कारखान्यात विजेच्या ज्वाळेने लोखंडाचे पाणी करतात. त्यामुळे वीज म्हटली म्हणजे आमच्या गावच्या माणसास ती पोलाद वितळविणारी वीज आठवते. असली वीज बाळंतिणीच्या अंगाला लावावयाची ही कल्पना आमच्या मातोश्रींस प्रथम ऐकवली, तेव्हा त्यांनी आमच्या पुतणीकडे ज्या नजरेने पाहिले, तिचे वर्णन करण्याचे सामर्थ्य आमच्या लेखणीत नाही.

पण हे थोडे पुढचे झाले. आमची कन्या दुसऱ्या खेपेस बाळंतपणाला माहेरी आली होती. पेणला सुखरूप प्रसूती झाली. मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी माय-लेकी घरी आल्या. घरात बाज पडली, बाजेखाली शेगडी गेली, ओव्याची आणि बाळंतशेपांची धुरी झाली, अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू यांचे वास ओटीपर्यंत येऊ लागले. चौऱ्याऐंशी वर्षांच्या मातोश्रींच्या हाती घराची सूत्रे पुन्हा एकदा आली आणि त्यांच्या चालण्यात दहा वर्षांनी तारुण्य दिसू लागले. सारे काही ठीक चालले होते. एकच गोष्ट ठीक नव्हती. मूल रडे, आणि त्याला पदराखाली घ्यावयास आमची कन्या टाळाटाळ करी.

पहिल्यांदा कोणाच्या ते लक्षात आले नाही. "जरा थांबा, आत्ताच तर प्यायली आहे," असे ती म्हणे. मग नाइलाजाने मूल घेई, आणि ते पिऊ लागताच बाजेच्या कडेवरील तिच्या हाताची बोटे पांढरी पडत. मातोश्रींनी निदान केले की, दूध उतरत नाही. दुसऱ्या दिवशी शतावरीची मात्रा वाढली. तिसऱ्या दिवशी वरचे दूध सुरू करावे की काय, याची कुजबुज स्वयंपाकघरात झाली. आम्ही प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना दूरध्वनीवरून विचारले, तर उत्तर मिळाले, "दुसरेपणाला पोटात कळा येतातच. नैसर्गिक आहे. काळजी करू नका." आम्ही काळजी करण्याचे सोडले. नैसर्गिक या शब्दात मनुष्याला निश्चिंत करण्याचे केवढे सामर्थ्य आहे! वास्तविक विंचवाचा दंशही नैसर्गिकच असतो. पण तो आपल्याच पायाला झाल्याशिवाय हा विचार सुचत नाही.

चौथ्या दिवशी पनवेलहून आमची पुतणी बाळ पाहावयास आली. ती भौतिकोपचाराचे, म्हणजे ज्याला फिजिओथेरपी म्हणतात त्याचे, काम करते. ती बाजेवर बसली आणि तिने आपल्या चुलत बहिणीला तीन शब्दांचा एक प्रश्न विचारला. "किती गं दुखतंय?" आणि लगेच पुढे म्हणाली, "काहीच नाही ते शून्य, सहनच होत नाही ते दहा. आकडा सांग."

कन्या थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "एरवी चार. बाळ प्यायला लागलं की नऊ."

खोलीत आम्ही चार वडीलधारी माणसे उभी होतो. चौघांनीही चार दिवस त्या मुलीची चौकशी केली होती. झोप लागली का, भूक लागली का, दूध आले का, सारे विचारले होते. दुखते का, हेसुद्धा कोणी तरी विचारले असेल. पण किती, हे कोणी विचारले नव्हते. दुखते का या प्रश्नाला आमच्या घरातील स्त्रियांचे उत्तर पिढ्यान् पिढ्या ठरलेले आहे. "थोडंसं" हे ते उत्तर. त्या थोडंसंच्या पोटात चारही मावतात आणि नऊही.

पुतणीने प्रथम ताप आहे का, स्राव फार होतो का, त्याला दुर्गंधी आहे का, हे नीट विचारून घेतले. कारण तसे काही असेल, तर ती कळ साधी नव्हे आणि तेथे डॉक्टरच हवा. तसे काही नव्हते. मग तिने फळीवरच्या गोळ्या पाहिल्या. पाकीट जवळजवळ भरलेले होते. गोळ्या उष्ण पडतात आणि दुधातून बाळाला बाधतात, अशा समजुतीने आजीने एक-दोनदा हटकले आणि नातीने त्या घेण्याचे सोडून दिले होते. वास्तविक या कळांवर ज्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या देतात, त्या वापरण्यास हरकत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसूत केलेल्या प्रसूतिपश्चात शुश्रूषेच्या शिफारशींत सांगितले आहे. पुतणीने त्याच डॉक्टरांना पुन्हा दूरध्वनी केला, गोळ्यांच्या वेळा बांधून घेतल्या, आपल्याजवळचे यंत्र लावण्यास त्यांची संमती घेतली, आणि मग पिशवीतून ते बाहेर काढले.

यंत्राचे नाव टेन्स. त्वचेवरून मज्जातंतूंना विजेने चेतविणे, असा त्या इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ आहे. एक लहानशी डबी, आत खेळण्यातल्यासारखी बॅटरी, डबीतून निघणाऱ्या तारा, आणि तारांच्या टोकांना डिंकासारख्या चिकट पदार्थाने त्वचेला चिकटणाऱ्या चार मऊ पट्ट्या. गर्भाशयाची वेदना वाहून नेणारे तंतू पाठीच्या कण्यात जेथे शिरतात, तेथे, म्हणजे साधारण कमरेच्या वरच्या भागी कण्याच्या दोहों बाजूंस, तिने दोन पट्ट्या लावल्या, आणि दोन त्याखाली माकडहाडाच्या बाजूला. विजेचा प्रवाह ॲम्पिअरच्या हजारांश भागांत मोजावा इतका अल्प, आणि तोही सलग नव्हे. सेकंदाला ऐंशी-शंभर सूक्ष्म ठोके. डबीवर एक चक्री. ती चक्री पुतणीने स्वतःकडे ठेवली नाही. बहिणीच्या हातात दिली. "मुंग्या आल्यासारखं वाटेल. जेवढं चालेल तेवढं तूच वाढव. नको झालं की तूच कमी कर."

या कळा का येतात, हे तिने आजीला समजावून सांगितले ते आम्हीही ऐकले, आणि लाज वाटली की, साठीच्या उंबरठ्यावर येऊन दोन मुलांच्या बापाला हे प्रथम कळत आहे. प्रसूतीच्या वेळी गर्भाशयाचे वजन सुमारे एक किलो असते; सहा आठवड्यांत ते शंभर ग्रॅमच्या आत येते. एवढी आटापीट आकुंचनाने होते. बाळ पिऊ लागले की, आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन नावाचा स्राव होतो. तोच दूध पुढे ढकलतो आणि तोच गर्भाशयाला पिळतो. ती पीळ रक्तस्राव आवरते, म्हणून हितकारक; पण दुखते, हेही खरेच. पहिल्या खेपेस स्नायू ताठ असतात, ते एकदा आवळले की आवळलेले राहतात. पुढच्या खेपांस ते सैल पडून पुन्हा पुन्हा आवळतात, म्हणून कळा अधिक. म्हणजे आमची कन्या मुलाला टाळीत नव्हती. ती कळेला टाळीत होती. तिला दूध उतरत होते म्हणूनच तर ती कळवळत होती! आम्ही तिच्यावर ठेवलेला आरोप आणि तिच्या दुःखाचे कारण ही दोन्ही अगदी एकमेकांच्या उलट होती.

आता विजेच्या मुंग्यांनी पोटातील कळ कशी थांबावी? १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी याचे एक उत्तर मांडले. पाठीच्या कण्यात जणू एक दार आहे. वेदनेचे संदेश बारीक तंतूंतून येतात, स्पर्शाचे जाड तंतूंतून. स्पर्शाच्या संदेशांची गर्दी झाली की ते दार लोटले जाते आणि वेदनेला मेंदूकडे जावयास वाट अपुरी पडते. हे ऐकताच आमच्या डोळ्यांपुढे खारबांधावरची उघाडी उभी राहिली. भरती आली की तिचे झडप पाण्याच्याच रेट्याने आपोआप मिटते आणि शेतात खारे पाणी शिरत नाही. कण्यातील दाराला स्पर्शाची भरती असाच रेटा देते. कोपर आपटले की आपण ते चोळतो, मूल पडले की आई त्याच्या गुडघ्यावर हात फिरविते. ती हीच उघाडी. पुढील संशोधनाने या सिद्धान्तात पुष्कळ दुरुस्त्या केल्या, आणि मेंदूत स्वतःचीच अफूसारखी द्रव्ये असतात व मंद ठोक्यांच्या विजेने ती स्रवतात, असेही दाखविले. पण दाराची मूळ कल्पना अजून उपयोगी आहे. १९६७ साली वॉल आणि स्वीट यांनी जुनाट वेदनेच्या आठ रोग्यांवर विजेचा प्रयोग केला, आणि त्या दशकानंतर ही डबी रुग्णालयांतून हिंडू लागली. विजेने दुखणे शमविण्याची युक्ती मात्र त्याहून फार पुराणी आहे. पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस नावाचा रोमन वैद्य डोकेदुखीवर कपाळाला जिवंत विद्युन्मत्स्य लावावयास सांगत असे. हे आम्ही मातोश्रींस सांगितले. त्या म्हणाल्या, "मासा असता तर निदान कालवण तरी झालं असतं."

परंतु त्यांचा विरोध केवळ विनोदाचा नव्हता. त्यांचे म्हणणे असे की, शेक असताना हे कशाला? आणि हा प्रश्न दिसतो तितका भाबडा नाही. ऊबही त्वचेच्या वाटेनेच जाऊन वेदनेला आवरते. आजीची शेगडी आणि नातीची डबी ही एकाच दाराशी उभी असतात. पुतणीने शेक बंद केला नाही. फक्त बंद खोलीतला कोळशाचा धूर बंद केला आणि शेगडीच्या जागी गरम पाण्याची पिशवी आणली. तेव्हापासून मातोश्री त्या यंत्रास "विजेचा शेक" म्हणू लागल्या, आणि नाव मिळाल्यावर ते घरातले झाले.

गुण आला का? आला. पुढच्या वेळी मूल पिऊ लागले तेव्हा कन्येने चक्री फिरविली, डोळे मिटले, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "पाच." दुसऱ्या दिवशी चार. पण प्राध्यापकाच्या जातीला अनुसरून आम्ही याचा पुरावा शोधावयास बसलो, आणि जे सापडले ते प्रांजळपणे सांगितले पाहिजे. स्वीडनमध्ये २००७ साली नेमक्या याच कळांवर एक तुलना झाली. जोराचा प्रवाह दिलेल्या बायकांना सौम्य प्रवाह दिलेल्यांपेक्षा अधिक आराम पडला. मात्र प्रवाहाचा त्रासही त्यांनाच अधिक झाला, आणि बायका होत्या मोजक्याच. आमच्या कन्येला गोळ्याही वेळच्या वेळी मिळू लागल्या होत्या, दिवसही उलटत होते. यंत्राच्या वाट्याला किती श्रेय द्यावे, हे आम्ही सांगू शकत नाही. हृदयात पेसमेकर बसविलेल्याने हे यंत्र वापरू नये, मानेच्या पुढील बाजूस किंवा ताज्या जखमेवर पट्टी लावू नये, ही पथ्येही आहेतच. गोळी सोडून ही डबी घ्यावी, असे आम्ही कोणास सांगणार नाही.

पण याच शोधात एक गोष्ट आम्हांस आढळली आणि ती मनातून जाईना. प्रत्यक्ष प्रसूतिवेदनांवर या यंत्राचा काय उपयोग होतो, याविषयीच्या अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा २००९ साली कॉक्रेन संस्थेने प्रसिद्ध केला. वेदना मोजून पाहता यंत्राने फारसा फरक पडल्याचे दिसत नव्हते. तरीही यंत्र वापरलेल्या बायकांपैकी बहुसंख्य म्हणत होत्या की, पुढच्या वेळी आम्ही ते पुन्हा वापरू. तर्कशास्त्राच्या पुस्तकात हे बसावयाचे नाही. वेदना कमी झाली नाही, तर यंत्र पुन्हा का हवे? आम्हांस वाटते, याचे उत्तर त्या चक्रीत आहे. बाळंतपणात स्त्रीच्या शरीराशी डॉक्टर, परिचारिका, सुईण, सासू, आई, सगळ्यांचे हात पोहोचतात आणि प्रत्येकजण काही ना काही ठरवितो. ती एक चक्री मात्र तिच्या हातात असते. कमी करावयाचे की जास्त, हे तिला कोणास विचारावे लागत नाही. हा आमचा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. पण चक्री फिरविताना आमच्या मुलीचा चेहरा आम्ही पाहिला आहे.

त्या रात्री निजानीज झाल्यावर ओटीवर आम्ही सौभाग्यवतींस म्हटले, "पोरीनं चार दिवस सोसलं आणि एका शब्दानं सांगितलं नाही."

त्या पानदान आवरीत होत्या. म्हणाल्या, "मीही नव्हतं सांगितलं."

"कधी?"

"धाकट्याच्या वेळी. तुम्ही याच ओटीवर बसून पेपर तपासत होतात. मी आत पदराचा बोळा तोंडात धरून त्याला पाजत होते."

सत्तावीस वर्षांपूर्वीची ती गोष्ट. ते पेपर आम्हांस आठवतात. एका विद्यार्थ्याने लियर राजाच्या यातनांवर फार सुंदर लिहिले होते, आणि आम्ही त्याला वीसपैकी सतरा गुण दिले होते. मध्ये एक भिंत होती, मातीची, दीड हात रुंदीची.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगायचं काय? सासूबाई म्हणाल्या, पोट जागेवर येतंय. त्याला काही नाव असतं तर सांगितलं असतं."

नाव होते. आम्ही दुसऱ्या दिवशी शोधले. सुश्रुताने प्रसूतीनंतरच्या या शूळाला मक्कल्ल म्हटले आहे आणि त्यावर तुपातून किंवा कोमट पाण्यातून यवक्षार द्यावयास सांगितले आहे. म्हणजे वैद्याच्या पोथीत शब्दही होता आणि औषधही होते. पोथीपासून बाजेपर्यंतच्या वाटेत कोठे तरी दोन्ही गळून गेली. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयात पदवीसाठी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्र हाच होता. प्रबंधासाठी त्यांनी जुने ग्रंथ चाळले असतील. पण त्यांच्या पाठीशी आणखी एक ग्रंथ होता. चौदाव्या वर्षी त्या स्वतः बाळंत झाल्या होत्या आणि त्यांचा मुलगा दहा दिवसांत गेला होता. पोथी आणि बाज ही दोन्ही एकाच व्यक्तीने जाणली असण्याचे असे योग आपल्याकडे किती थोडे आले! त्याही पदवीनंतर वर्षभरात, १८८७ साली, गेल्या.

त्यानंतर शंभर वर्षांनी, गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत राणी बंग व अभय बंग यांनी साडेसहाशे स्त्रियांना तपासले. १९८९ साली लॅन्सेटमध्ये त्यांनी प्रसिद्ध केले की, त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरांत आठच होत्या. तेथवर कोणी दाराशी जाऊन विचारले नव्हते, म्हणून ते दुखणे कोणाच्या हिशेबात नव्हते. आज महाराष्ट्रात शंभरांपैकी सुमारे पंचाण्णव बाळंतपणे रुग्णालयांत होतात, आणि त्यामुळे किती जीव वाचले असतील याचा विचार केला म्हणजे हात जोडावेसे वाटतात. परंतु रुग्णालयातून दोन-तीन दिवसांत घरी आलेल्या बाळंतिणीच्या पुढच्या आठवड्याचा मालक कोण? रुग्णालय म्हणते, नैसर्गिक आहे. घर म्हणते, सगळ्यांना होते. या दोन वाक्यांच्या मध्ये ती बाजेची कड धरून बसलेली असते.

बारसे झाले. कळा तोवर आपोआपच थांबल्या होत्या. त्या आठवड्याभरातच थांबतात. मूल आता असे पिते की, त्याला कोणी एके काळी वरचे दूध देऊ म्हणत होते हे खरे वाटू नये. पुतणी यंत्र परत न्यावयास आली, तेव्हा मातोश्रींनी दोन्ही गुडघे पुढे केले. "किती दुखतात, आजी?" असे तिने विचारले. मातोश्री बराच वेळ विचार करीत राहिल्या. चौऱ्याऐंशी वर्षांत हा प्रश्न त्यांना प्रथमच कोणी विचारला असावा. मग म्हणाल्या, "उजवा सहा. डावा लबाड आहे, तो सांगत नाही." यंत्र आणखी पंधरा दिवस डोलवीसच राहिले.

सुट्टी संपून कामावर परत जाण्याच्या आदल्या रात्री आम्ही पुन्हा ओटीवर बसलो होतो. कारखान्याचा तांबडा उजेड नेहमीप्रमाणे आभाळावर होता. आत मूल कुरकुरले, बाज वाजली, आणि थोड्याच वेळात सारे शांत झाले. आम्ही सौभाग्यवतींस विचारले, "धाकट्याच्या वेळी किती होतं गं? दहापैकी?"

त्या हसल्या. "आता कशाला?"

आम्ही उत्तराची वाट पाहत राहिलो. सवय नसल्यामुळे ते थोडे अवघड गेले.

"नऊ," त्या म्हणाल्या, आणि दिवा मालवून आत गेल्या.